हरिहरचा चढ फोटोत कुठे गेला?

रबाळ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला पारसिकची डोंगररांग दिसते. पावसाळ्यात ती इतकी जवळ आल्यासारखी वाटते की हात लांबवला तर ओल लागेल. फोन काढून फोटो घेतला की तीच रांग एमआयडीसीच्या पत्र्यांमागे घातलेल्या बांधाएवढी होते. फोन बिघडलेला नसतो. त्याचं मुख्य भिंगच रुंद कोनाचं असतं, चौकटीत जास्तीत जास्त मावावं म्हणून केलेलं. जवळचं मोठं होतं, लांबचं आक्रसतं. आपली नजर डोंगरावर खिळते आणि बाकीचं विसरते. भिंगाला असं काही विसरता येत नाही.

गच्चीवर ही गंमत असते. गडावर तिची किंमत काय होते, ते मला हरिहरने शिकवलं.

त्र्यंबक तालुक्यातला हा किल्ला आज ओळखला जातो तो कातळात कोरलेल्या पायऱ्यांच्या एका फोटोमुळे. फोटो तुम्हीही पाहिला असेल: समोर उभी भिंत, तिच्यावर मुंग्यांसारखी माणसं, वर आभाळाची चिंधी. तो बहुधा पायऱ्यांच्या अलीकडच्या सोंडेवरून, झूम करून काढलेला असतो. समोरून आणि लांबून पाहिलं की चढाचा कोन कळत नाही, पायऱ्या एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात आणि खडी चढण सरळ भिंत होते. हा फोटो घाबरवतो, म्हणून फिरतो.

माझा फोटो याच्या उलट होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पायऱ्यांच्या अगदी तळाशी उभा राहून फोन वर तिरपा केला. भिंग उताराच्या समोरासमोर आलं. चौकटीत ना क्षितिज, ना दरी, ना बाजूचं झाड. नुसत्या पायऱ्या, नीट आखलेल्या, मध्ये हात घालायला खोबण्या. एखाद्या जुन्या घाटावरच्या वाटाव्यात अशा. ऊन छान होतं. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला.

मावशीने तो पाहिला आणि पुढच्या खेपेला ती आमच्याबरोबर आली. वय अठ्ठावन्न, गुडघे ठीक, रोज चालण्याची सवय. “पायऱ्याच आहेत ना रे?” तिने विचारलं होतं. मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

चढताना ती चढली. वरचा दरवाजा, कातळाच्या पोटातून वाकून जाणारी वाट, पुन्हा पायऱ्या, माथ्यावरचा मारुती, सगळं झालं. उतरताना मात्र पहिल्या टप्प्याच्या मध्यावर ती थांबली. तिथे तोंड खडकाकडे करून, पाय खाली चाचपत उतरावं लागतं. तिने खाली पाहिलं आणि तिचे हात खोबणीतून सुटेनात. वर माणसं खोळंबली, खाली माणसं खोळंबली. पायथ्याच्या वाडीतला एक मुलगा तिच्या खालच्या पायरीवर आला. “मावशी, खाली बघू नका. मी पाय धरतो, तुम्ही फक्त हात बदला,” असं म्हणत त्याने तिचं एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर टेकवलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. खाली पोचल्यावर ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “फोटोत असं नव्हतं.”

या वाक्यापुढे माझं फोटोचं कौतुक संपलं. तेव्हापासून ट्रेकचे फोटो मी एकच प्रश्न घेऊन पाहतो: यात चढ कुठे आहे?

बहुतेकांत तो नसतो, आणि कारण साधं आहे. जिथे चढ खरा असतो तिथे दोन्ही हात गुंतलेले असतात. फोन बाहेर येतो तो सपाटीवर आणि माथ्यावर. म्हणजे आपल्याकडे अवघड वाटेचे फोटो म्हणून जे जमा होतं, ते तिच्या विश्रांतीच्या जागांचं चित्रण असतं. गंमत अशी की फोनला कोन ठाऊक असतो. चौकट तिरकी झाली की तो पडद्यावर रेघ दाखवून सांगतो. पण ही माहिती चित्रात उतरत नाही.

मोठ्या कॅमेऱ्यानेही हा प्रश्न सुटतोच असं नाही. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’मध्ये (2010) किल्ले आकाशातून दिसतात. गडाचा आकार, तटाची रेघ कळते, आणि ती जमिनीवरून कधीच कळली नसती. पण त्या उंचीवरून दम लागत नाही. 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टवर हिलरीने तेनसिंगचा फोटो काढला. हिलरीचा स्वतःचा माथ्यावरचा फोटो नाही. त्याने मग खाली उतरत जाणाऱ्या कड्यांचे फोटो घेतले, इथवर आलो याचा पुरावा म्हणून. आपण माथ्यावर पोचल्यावर फोन स्वतःकडे वळवतो; त्याने कॅमेरा वाटेकडे वळवला. मला हा फरक तंत्राचा वाटत नाही, हेतूचा वाटतो.

हरिहरच्या पायऱ्यांचं मला पटलेलं वर्णन कॅमेऱ्याच्या आधीचं आहे. 1818 मध्ये किल्ला ताब्यात घेणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जचे शब्द नाशिकच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहेत. या खडेपणाची कल्पना शब्दांनी यायची नाही हे तो आधी मान्य करतो, मग अंदाजे दोनशे फूट हा आकडा देतो आणि तुलना करतो ती शिडीशी. जिना म्हणत नाही. शिडी म्हटलं की हात आले, उतरताना तोंड कुठे करायचं तेही आलं. माझ्या फोटोला जमलं नाही ते त्या एका शब्दात आहे.

म्हणून फोटो काढूच नयेत असं मी म्हणणार नाही. मीही काढतो. त्या दिवसाचा माझ्याकडे एक फोटो आहे, खाली पोचल्यावर काढलेला: मावशीचे दोन्ही तळवे, खडकाची माती नखांत गेलेली, बोटं अजून किंचित वाकलेली. डोंगर त्यात नाही. चढ आहे.

पायऱ्यांचा तो जुना फोटो मी ग्रुपवरून काढला नाही. त्याच्याखाली लिहिलं: “ही शिडी समजा. उतरताना तोंड खडकाकडे, दोन्ही हात मोकळे हवेत. खाली बघवत नसेल तर दरवाजापर्यंतही जाऊ नका.” मावशीने त्यावर अंगठा दिला आणि विचारलं, हे आधी का नाही लिहिलंस?