‘नकली’ दिनार : एका संज्ञेची चिकित्सा

नाणकशास्त्रावरील आपल्याकडच्या लेखनात ‘नकली’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. रात्री चोरून पाडलेले खोटे नाणे आणि राजाच्या टांकसाळीत उघडपणे पाडलेली परक्या नाण्याची नक्कल, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. ही गल्लत अभ्यासाला मारक आहे.

बाराव्या शतकापासून शामच्या किनाऱ्यावरील अक्का व त्रिपोली येथील क्रूसेडर सत्तांनी फातिमी खलिफा अल-आमिर व अल-मुस्तन्सिर यांच्या दिनारांच्या नकला पाडल्या. लिपी अरबी, कलिमाही तोच. फातिमी दिनार जवळजवळ शुद्ध सोन्याचा. अक्क्याच्या नाण्यात सोने सुमारे ८० टक्के, पुढे ६८ टक्क्यांच्या आसपास. येथे फसवणुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु सौद्यांत अक्क्याचे बेझंट आणि अलेक्झांड्रियाचे बेझंट वेगळे धरले जात. ज्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र भाव आहे, ते खोटे कसे? मोठा आक्षेप आला तो धर्मपीठाकडून. पोपच्या प्रतिनिधीच्या तक्रारीनंतर १२५१ पासून अक्क्याच्या नाण्यांवर ख्रिस्ती वचने आली. आली तीही अरबीतच!

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. तापीकाठचे कामरेज हे जुने बंदर. त्याच्या उत्तरेस नर्मदेवर भरुच. तेथे सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात दिल्लीच्या सुलतानांबरोबर ईजिप्तचे मम्लूक सुलतान आणि व्हेनिस यांचेही सोने होते. १८८० च्या दशकात कॉड्रिंग्टन यांनी त्याची नोंद केली. सायमन डिग्बी यांनी १९८० मध्ये त्याकडे अरबी समुद्रापलीकडून आलेल्या धनाचा पुरावा म्हणून पाहिले. नाणे कोणाचे, यापेक्षा ते का आले, हे विचारण्यात डिग्बींचे खरे योगदान आहे. नकलांनाही हाच प्रश्न विचारायला हवा.

व्हेनिसने १२८४ मध्ये सुरू केलेला साडेतीन ग्रॅमचा डुकाट इतका चालला की, सुलतान बार्सबायने १४२५ मध्ये आपली अश्रफी त्याच्याच वजनाच्या जवळ आणली. येथे नक्कल वजनाची होती, चित्राची नव्हे. भारतात उलट घडले. डुकाटवरील माणसांच्या आकृतींमुळे मराठीत त्याला ‘पुतळी’ म्हणू लागले आणि देशी सोनारांनी त्याच्या प्रतिकृती घडवल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरे इतकी बिघडलेली असतात की ती वाचता येत नाहीत. तरी पुतळ्यांची माळ मोडायला नेली तर सोनार अक्षरे वाचत बसत नाही. तो कसोटीवर कस पाहतो आणि वजन करतो.