अभियोक्त्यांची संपूर्ण उन्मुक्ती : ‘इम्बलर विरुद्ध पॅक्टमन’ निर्णयाची चिकित्सा

अमेरिकेच्या फौजदारी न्यायव्यवस्थेत सरकारी अभियोक्त्याचे स्थान अत्यंत प्रभावी आहे. खटला कोणावर भरावयाचा, कोणते आरोप ठेवावयाचे आणि कोणता पुरावा मांडावयाचा, हे तोच ठरवितो. बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य अभियोक्ता मतदारांकडून निवडला जातो. अशा अधिकाऱ्याने खोटी साक्ष जाणूनबुजून वापरली, तरी तिच्यामुळे तुरुंगात गेलेल्या निरपराध व्यक्तीस त्याच्याकडून दिवाणी नुकसानभरपाई मागता येत नाही. या नियमाचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या ‘इम्बलर विरुद्ध पॅक्टमन’ या निर्णयात आहे.

कॅलिफोर्नियात १९६१ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरलेल्या पॉल इम्बलर यांची शिक्षा १९६९ मध्ये संघराज्य न्यायालयाने सदोष ठरविली. त्यानंतर इम्बलर यांनी १८७१ च्या नागरी हक्क कायद्यान्वये अभियोक्ता पॅक्टमन यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी बहुमताच्या निकालपत्रात असे प्रतिपादन केले की, दाव्यांचे भय असल्यास अभियोक्ता निर्भयपणे निर्णय घेऊ शकणार नाही व त्याची शक्ती स्वतःच्या बचावात खर्ची पडेल. या नियमामुळे खरोखर अन्याय झालेली व्यक्तीही दिवाणी उपायास मुकेल, हे त्यांनी मान्य केले; तथापि फौजदारी कारवाई आणि व्यावसायिक शिस्तभंगाची कारवाई हे अंकुश पुरेसे आहेत, असे मानले. निर्णयाची सर्व भिस्त या गृहीतकावर आहे आणि तेथेच तो दुबळा ठरतो.

प्रथम ऐतिहासिक आधाराचा विचार करावा लागेल. १८७१ च्या कायद्याच्या शब्दांत कोणत्याही उन्मुक्तीचा उल्लेख नाही. न्यायालयाने ती जुन्या सामान्य विधीतून घेतली. परंतु अभियोक्त्यास अशी उन्मुक्ती देणारा पहिला अमेरिकन निर्णय इंडियाना राज्यातील असून तो १८९६ चा आहे. पंचवीस वर्षांनंतर जन्मलेला नियम १८७१ च्या विधिमंडळास अभिप्रेत होता, असे मानणे तर्कास धरून नाही.

दुसरा मुद्दा वस्तुस्थितीचा आहे. शिक्षेनंतर हाती आलेली आरोपीस अनुकूल माहिती पॅक्टमन यांनी स्वतः राज्यपालांना पत्राने कळविली होती. म्हणजे माहिती उघड करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणातून जो नियम निघाला, त्याचा सर्वाधिक लाभ माहिती दडविणाऱ्यांना मिळाला.

पुढील निर्णयांनी उन्मुक्ती अधिकाऱ्याच्या पदाशी न जोडता त्याच्या कार्याशी जोडली. पोलिसांना दिलेला सल्ला (१९९१), तसेच तपासकाळात पुरावा रचणे व वृत्तपत्रांपुढे केलेली विधाने (१९९३) यांना केवळ मर्यादित उन्मुक्ती मिळाली. न्यायालयातील कृत्ये मात्र पूर्णतः सुरक्षित राहिली. परिणामी गैरकृत्य न्यायासनाच्या जितके जवळ, तितके संरक्षण अधिक, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. वस्तुतः असत्याची हानी न्यायासनापुढेच सर्वाधिक असते.

पर्यायी उपायांची कसोटी न्यू ऑर्लिन्सच्या जॉन थॉम्पसन यांच्या प्रकरणात लागली. लुटीच्या खटल्यातील रक्तगटाचा अहवाल बचाव पक्षापासून दडविण्यात आला होता. १९९९ मध्ये फाशीच्या नियोजित दिनांकापूर्वी काही आठवडे तो सापडला. थॉम्पसन यांनी अठरा वर्षे तुरुंगात, त्यांपैकी चौदा मृत्युदंडाच्या कोठडीत काढली होती. २००३ मध्ये खुनाच्या फेरखटल्यात ते निर्दोष सुटले. व्यक्तिशः अभियोक्त्यांना उन्मुक्ती असल्याने त्यांनी अभियोक्ता-कार्यालयास जबाबदार धरले. ज्यूरीने मंजूर केलेली एक कोटी चाळीस लाख डॉलरची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. एकाच प्रकरणातील उल्लंघनावरून प्रशिक्षणाच्या अभावाची जबाबदारी कार्यालयावर येत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. व्यक्तीचा मार्ग १९७६ मध्ये बंद झाला होता; संस्थेचा मार्ग आता अरुंद झाला.

शिस्तभंगाच्या उपायाचे बळही तपासण्याजोगे आहे. टेक्सासमध्ये मायकेल मॉर्टन यांनी केलेला नसलेला खून त्यांच्या माथी मारला गेला आणि त्यांना सुमारे पंचवीस वर्षे तुरुंगवास घडला. पुरावा दडविल्याच्या प्रकरणात तत्कालीन अभियोक्त्यास २०१३ मध्ये दहा दिवसांचा कारावास झाला व वकिलीची सनद सोडावी लागली. अभियोक्त्यास तुरुंगवास झाल्याचे हे विरळ उदाहरण होय. जेथे हा उपाय प्रत्यक्षात लाभला, तेथेही पंचवीस वर्षांसमोर दहा दिवस एवढेच त्याचे माप ठरले.

दाव्यांचा पूर येईल ही भीती सर्वथा निराधार नाही. शिक्षा झालेला प्रत्येक आरोपी अभियोक्त्यास दोष देऊ शकतो. परंतु १९९४ च्या एका निर्णयानुसार, शिक्षेची वैधता ज्यात आव्हानित होते असा भरपाईचा दावा ती शिक्षा रद्द होईपर्यंत चालविता येत नाही. या चाळणीतून फारच थोडे दावे पुढे जातात.

‘इम्बलर’मध्येच न्यायमूर्ती व्हाइट यांनी, ब्रेनन व मार्शल यांच्या सहमतीने, वेगळी वाट दाखविली होती. निष्कर्षाशी ते सहमत होते; मात्र आरोपीस अनुकूल पुरावा घटनाबाह्य रीतीने दडविल्याच्या आरोपास संपूर्ण उन्मुक्तीचे कवच नसावे, असे त्यांचे मत होते. अभियोक्त्याचे निर्णयस्वातंत्र्य खटला भरणे आणि युक्तिवाद करणे यांसाठी आवश्यक आहे. पुरावा दडविण्याचे स्वातंत्र्य त्यात अंतर्भूत नाही. पॉवेल यांनी ज्या अंकुशांवर विसंबून हा नियम घडविला, ते थॉम्पसन आणि मॉर्टन यांच्या प्रकरणांत अपुरे ठरले. म्हणून व्हाइट यांचे अल्पमत अधिक न्याय्य असून निर्णयाच्या पुनर्विचाराचा आरंभ तेथून होणे उचित ठरेल.