समजलं असं वाटणं आणि समजणं

बीएस्सीला असताना माझ्या वहीत सगळं होतं, डोक्यात फारसं नव्हतं. सर नोट्स सांगायचे, आम्ही लिहायचो. वर्गात एकच प्रश्न ऐकू यायचा, "सर, हे परीक्षेला येतं का?" हट्ट्यासारख्या गावातून आलेल्या आम्हा पोरांना तर चुकीचं बोलायचीच धास्ती.

पीएचडीला आल्यावर स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा २०१४चा पेपर वाचला. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान असेल तिथे नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, विद्यार्थ्यांना बोलतं-करतं ठेवलं तिथे २१.८ टक्के.

पण पेपर डोळे झाकून मानू नका. चर्चा, गटकाम, वर्कशीट हे सगळं त्यात एकाच नावाखाली आलंय. नेमकं कशानं जमलं ते कळत नाही. शिवाय फायदा पन्नासपर्यंतच्या वर्गांत जास्त दिसला. आपले वर्ग केवढे असतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

मला २०१९चा हार्वर्डमधला भौतिकशास्त्राच्या वर्गांचा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. सहभागातून शिकलेल्यांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं! ओघवतं व्याख्यान ऐकलं की समजल्याचा भास होतो. म्हणून "पोरांनाच व्याख्यान आवडतं" हा युक्तिवाद टिकत नाही.

संशोधनात नोट्स कुणी सांगत नाही. प्रश्नसुद्धा आपणच काढायचा असतो. ती सवय पीएचडीला आल्यावर एका दिवसात लागत नाही. उद्या वर्गात परीक्षेबाहेरचा एक प्रश्न विचारा. चुकला तरी चालेल.