दात वाचतात, डोक्याचे काय?

कुरुंदवाड हे वेटलिफ्टिंगचे गाव म्हणून ओळखले जाते. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या इथल्या तिघांनी कांस्यपदके मिळवली. परंतु संध्याकाळी शाळांच्या मैदानांवर फेरी मारली, तर वजने उचलणाऱ्यांपेक्षा कबड्डी खेळणारी मुलेच अधिक दिसतात. काही दिवसांपूर्वी अशाच एका मैदानावर सराव चालू होता. पकड करताना चढाई करणाऱ्याचा गुडघा आठवीतल्या एका मुलाच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर आला. कोणीतरी तो उचलून रुमालात गुंडाळला. दंतवैद्याकडे पोचेपर्यंत दोन तास उलटले होते. दात पुन्हा जिवंत धरेल ही आशा तोवर जवळपास मावळली होती.

पुढच्या आठवड्यात तिथल्या क्रीडाशिक्षकांनी आमच्यापुढे एक पाकीट ठेवले. त्यात दंतरक्षक होता, म्हणजे मुष्टियोद्धे तोंडात घालतात ते माउथगार्ड. पाकिटावर तीन दावे होते : दात वाचतात, डोक्याला बसणारा हादरा टळतो आणि ताकद वाढते. "सगळ्या संघासाठी घ्यावेत का?" असा सरांचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला असे दिसले, की या तीन दाव्यांमागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. एका दाव्याच्या खरेपणावर उरलेले दोन खपवले जात आहेत.

पहिला दावा दातांचा. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो. चेंडू थांबायला लागणारा वेळ त्यामुळे वाढतो आणि हातावरचे बल कमी होते. दंतरक्षक हेच करतो, आणि शिवाय एका दातावर येणारा आघात शेजारच्या दातांवर पसरवतो. बहुतेक दंतरक्षक इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या मऊ प्लास्टिकचे असतात. हेच द्रव्य खेळाच्या बुटांच्या तळव्यातही वापरतात. वर्गात हे दाखवायला खडू, गोटी आणि जुन्या रबरी चपलेचा तुकडा पुरेसा आहे. खडू टेबलावर आडवा ठेवून त्यावर ठरावीक उंचीवरून गोटी टाकावी. मग खडूवर चपलेचा तुकडा ठेवून तीच गोटी तेवढ्याच उंचीवरून टाकावी. खडू कोणत्या उंचीला मोडतो याची दोन्ही वेळची नोंद मुलांनीच करावी.

पण खडू म्हणजे खेळाडू नव्हे. खऱ्या मैदानावर काय होते हे पाहण्यासाठी आम्ही ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग तपासला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लंबवर्तुळाकार मैदानावर खेळतात. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू असतात, शिरस्त्राण सक्तीचे नसते आणि चेंडू झेलण्यासाठी खेळाडू दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघे टेकवून उडी घेतात. गुडघा आणि तोंड यांची गाठ पडण्यात हा खेळ आपल्या कबड्डीचा भाऊच शोभावा. कॅरोलिन फिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी स्तरावरच्या २३ संघांतील सुमारे ३०० खेळाडूंवर हा प्रयोग केला आणि २००५ साली तो प्रसिद्ध झाला. काही संघांना प्रत्येकाच्या जबड्याचा साचा घेऊन बनवलेले दंतरक्षक दिले. बाकीच्या संघांनी नेहमीप्रमाणे खेळायचे होते. कोणता संघ कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरवले. साच्याच्या दंतरक्षकांच्या गटात डोके, चेहरा आणि तोंड यांच्या दुखापतींचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या ०.५६ पट, म्हणजे सुमारे ४४ टक्क्यांनी कमी आढळले.

हा प्रयोग चांगला आहे, हे आधी सांगायला हवे. "ज्यांनी घातला त्यांना कमी लागले" एवढ्या निरीक्षणावर तो थांबला नाही. दंतरक्षक आपणहून घालणारा खेळाडू मुळातच सावधपणे खेळणारा असू शकतो, आणि गटवाटप यदृच्छेने केल्यामुळे ती शंका बरीचशी दूर होते. तरीही त्याच्या आकड्यांतून काय काढता येते आणि काय नाही, याविषयी तीन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत.

एक, तुलना कोणाशी झाली? दुसऱ्या गटातील बरेच खेळाडू आपापले नेहमीचे दंतरक्षक घालतच होते. म्हणजे "साच्याचा बरा की नेहमीचा?" या प्रश्नाचे हे उत्तर आहे. "दंतरक्षक बरा की रिकामे तोंड?" हा आमच्या सरांचा प्रश्न वेगळा आहे. दोन, ०.५६ हा अंदाज आहे. संशोधकांनीच दिलेली त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.३२ ते ०.९७ अशी आहे. वरचे टोक १ ला जवळजवळ टेकते, आणि १ म्हणजे फरकच नाही. फायदा मोठा असू शकतो, अगदी थोडाही असू शकतो. तीन, डोके, चेहरा आणि तोंड या साऱ्या दुखापतींची मोजणी एकत्र झाली. ती संख्या घटली म्हणून त्यातली प्रत्येक जात घटली असे होत नाही. तालुक्याचा निकाल सुधारला म्हणजे प्रत्येक शाळेचा सुधारला असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे मिळते. जोसेफ नॅपिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक खेळांतील अभ्यास एकत्र तपासले. दंतरक्षक न घालणाऱ्यांना तोंडाच्या भागातील दुखापतीचा धोका घालणाऱ्यांच्या १.६ ते १.९ पट आढळला. म्हणून पहिला दावा आम्ही मान्य करतो.

दुसरा दावा डोक्याचा. नॅपिक यांच्याच पाहणीत मेंदूच्या हादऱ्याबाबत पुरावा एकमुखी नव्हता. त्याआधी २००२ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात दंतरक्षक घालणाऱ्यांच्या दातांच्या दुखापती कमी होत्या, पण मेंदूच्या हादऱ्यात फरक दिसला नाही. यात नवल नाही. मेंदूला हादरा बसायला दातांवरच फटका बसावा लागत नाही. डोके झटक्यात वळले की कवटीच्या आत मेंदू ताणला, पिळला जातो, आणि दातांवरची मऊ पट्टी ते वळणे थांबवू शकत नाही. २०२४ पासून वरिष्ठ स्तरावरच्या रग्बीत संवेदक बसवलेले दंतरक्षक वापरात आले, कारण वरचे दात कवटीशी घट्ट जोडलेले असतात आणि तिथे डोक्याच्या हालचाली नीट मोजता येतात. असा दंतरक्षक हादऱ्याची नोंद ठेवतो. हादरा तो अडवत नाही.

हाच दावा आम्हांला सर्वांत धोक्याचा वाटतो. "तोंडात रक्षक आहे, काही होत नाही, ऊठ," असे म्हणून चक्कर आलेल्या मुलाला परत पाटीवर उभे केले, तर त्या दंतरक्षकाने भले कमी आणि नुकसान जास्त केले असे म्हणावे लागेल. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळ, विसरणे यांपैकी काहीही दिसले, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांची भेट, एवढा नियम पुरे. २०२४ च्या ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक सूचना तर एकोणीस वर्षांखालील खेळाडूंना अंगाला अंग भिडणाऱ्या स्पर्धेत परतण्यापूर्वी किमान २१ दिवस थांबायला सांगतात.

तिसरा दावा ताकदीचा. तो कुरुंदवाडात सहज खपेल, कारण वजन उचलताना दात आवळले जातात हे इथे कोणालाही सांगावे लागत नाही. दात आवळल्याने इतर स्नायूंच्या कामात थोडी भर पडते असे काही प्रयोगांत दिसले, काहींत दिसले नाही. पण आवळण्याचा परिणाम हा दंतरक्षकाचा परिणाम नव्हे. शिवाय तोंडात काही आहे की नाही हे खेळाडूपासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. एवढ्या पुराव्यावर मुलांना ताकदीचे आमिष दाखवू नये.

कबड्डीची एक अडचण मात्र परदेशी अभ्यासांत सापडणार नाही. चढाई करणाऱ्याला "कबड्डी, कबड्डी" असा दम स्पष्ट ऐकू येईल असा धरावा लागतो. ढिला, तयार मापाचा दंतरक्षक दातांनी दाबून धरावा लागतो, त्याने बोलणे अडते, आणि मुले तो काढून खिशात ठेवतात. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा प्रकार त्यापेक्षा बरा. साच्याचा सर्वांत चांगला बसतो, पण महाग असतो, आणि वाढत्या वयात जबडा बदलत असल्याने पुन्हा करावा लागतो. कबड्डीच्या नियमांत नखे कापलेली असावीत, अंगावर दागिने नसावेत असे बजावलेले आहे. ओरखड्याची काळजी घेणाऱ्या खेळाने दातांचाही विचार करायला हरकत नाही.

तेव्हा सरांना आमचे उत्तर असे. पैसे असतील तर घ्या, बोलता येईल असे घ्या, आणि सामन्याइतकेच सरावातही वापरा, कारण त्या मुलाचा दात सरावातच गेला. पैसे नसतील तर निदान एवढे करा. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरावा. माती लागली असेल तर न घासता दुधात विसळून लगेच जागेवर बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. शिरोळ तालुक्यात दूध कुठेही मिळते. त्या दिवशी कमी पडली ती माहिती.

आणि एक वही घाला. बारा मुले, रोज एक तास, महिन्याचे वीस दिवस म्हणजे २४० खेळाडू-तास होतात. दुखापतींचे प्रमाण हजार खेळाडू-तासांमागे काढतात, म्हणजे तेवढे तास भरायलाच एका शाळेला चार महिन्यांहून अधिक लागतील, आणि तेवढ्यात दुखापती दोन-चारच होतील. त्यावरून काही ठरणार नाही. पण तालुक्यातल्या दहा शाळांनी एकाच पद्धतीने वही ठेवली तर ठरेल. दुखापत कोणती, सराव की सामना, दंतरक्षक होता की नव्हता, एवढेच रकाने पुरेत. दात आणि डोके यांचे रकाने मात्र वेगळे ठेवावेत.