महिषासुराचे शेपूट

गेल्या नवरात्रात वर्गातल्या एका मुलाच्या हातून मी एक पुस्तक काढून घेतले. मुलगा वेल्ह्याकडच्या डोंगरातला, गवळी धनगराचा. भूगोलाच्या पुस्तकाआड त्याने दुर्गेची रंगीत चित्रकथा धरली होती. जप्त केलेले पुस्तक आधी शिक्षकच वाचतो, हे गुपित दिवाळीच्या दिवसांत लपवण्यात अर्थ नाही. मधल्या सुट्टीत मी ते एका बैठकीत संपवले. परत देताना मुलाने हळूच विचारले, "गुरुजी, ह्यो राक्षस म्हंजी आमच्या बांधावरचा म्हसोबाच का?"

मी "नाही रे" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर तेव्हापासून टोचते आहे.

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांतून हिंडणाऱ्याला म्हसोबा ओळखून द्यावा लागत नाही. बांधावर, झाडाखाली शेंदूर फासलेला दगड असतो. गुरे सांभाळणारा माणूस त्याच्यापुढे नारळ फोडल्याशिवाय राहत नाही. दा. ध. कोसंबींनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात या म्हसोबाचे नाते महिषासुराशी जोडले आहे. म्हणजे पोराने सहज विचारले ते पंडितांनाही सुचले होते. सुचले नव्हते ते फक्त मला.

आता कोणी म्हणेल की मास्तर राक्षसाची बाजू घेऊ लागले. तसे नव्हे. देवी जिंकते हे योग्यच आहे. माझी तक्रार चित्रकाराविरुद्ध आहे, आणि ती वाङ्मयीन आहे. त्याने महिषासुराला फार स्वस्तात मारले.

मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य उघडून पाहावे. तिथला महिष देवीच्या गणांवर तुटून पडतो तो प्रथम गदा घेऊन नव्हे. कोणाला तो तोंडाच्या धडकेने पाडतो, कोणाला खुरांखाली तुडवतो, कोणाला शेपटीच्या फटक्याने, कोणाला शिंगांनी. काही तर त्याच्या नुसत्या श्वासाच्या झोताने कोसळतात. शेपूट समुद्रावर आपटताच पाणी चहूकडे उसळते. ज्याने हे लिहिले त्याने पिसाळलेला रेडा जवळून पाहिला असला पाहिजे, अशी माझी खात्री आहे. आमच्याकडे चिखलणीला जुंपलेला रेडा एकदा बिथरला, की अवघे खाचर त्याचे होते आणि माणसे बांधावर चढतात. ते बळ त्या वर्णनात आहे. पुढे देवी पाश टाकते तेव्हा तो रेड्याचे रूप टाकून सिंह होतो, सिंहाचे मस्तक तुटताच खड्गधारी पुरुष, मग हत्ती, आणि सोंड तुटल्यावर पुन्हा रेडा. अखेर तिच्या पायाखाली दाबला गेला असता आपल्याच तोंडातून अर्धा बाहेर येतो, आणि तसा झुंजत असतानाच त्याचे मस्तक उडते.

चित्रकाराला याहून काय हवे? पण माझ्यापुढल्या पुस्तकात होता तो मिशाळ, ढेरपोट्या इसम. डोक्यावर शिंगांचा टोप, हातात गदा. नाटकमंडळीतला राक्षस! शेपूट तर कुठेच नव्हते. जनावराची ताकद काढून घेतली, उरला तो केवळ दुष्टपणा. आणि नुसत्या दुष्टपणाला मारण्यात देवीचा तरी काय पराक्रम? महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पकाराला हे उमगले होते. त्याचा महिष माणसाच्या देहाचा, रेड्याच्या मस्तकाचा, दोन्ही हातांत भली थोरली गदा धरून ताठ उभा आहे. मागे रेलला आहे, पण पाठ दाखवलेली नाही. समोरची सिंहारूढ देवी त्याच्यामुळेच मोठी दिसते.

अमेरिकेतली स्पायडरमॅनची कॉमिक्स मी विद्यार्थ्यांच्या कृपेनेच (म्हणजे जप्तीनेच) पाहिली. त्यात १९६६ साली आलेला एक गेंडा आहे. गेंड्याच्या कातडीची माणसे आपल्याकडे वर्तमानपत्रात रोज भेटतात, म्हणून त्याचे मला नवल वाटले नाही. पण १९६३ सालचा सरड्यासारखा होणारा शास्त्रज्ञ, डॉक्टर कॉनर्स, मनात राहिला. सरड्याला तुटलेला अवयव पुन्हा फुटतो, मग माझा गेलेला हात का फुटू नये, म्हणून तो औषध घेतो. हात येतो, पण माणूस जातो. घरी बायको आणि लहान मुलगा असतात. वाचणाऱ्या पोराला तो हरावा असेही वाटते आणि बरा व्हावा असेही.

आमच्या महिषाला अशी कथा नव्हती काय? देवीभागवतात आहे. रंभ नावाचा असुर आणि एक म्हैस, ही त्याची आईबापे. रंभ दुसऱ्या रेड्याशी झुंजताना मरतो. म्हैस त्याच्या चितेत शिरते. आणि त्या ज्वाळांतून महिष बाहेर येतो. ज्याच्या घरचे दूधभाकर म्हशींवर चालते, त्या मुलाला हे पान किती कळले असते! त्या पुस्तकाने ते गाळले होते. मुलांच्या पुस्तकात पाने मोजकी असतात हे मान्य. पण गदेच्या ठणठणाटाला चार पाने मिळतात, तर त्या आईला एक चौकट मिळायला हरकत नव्हती.

दसऱ्यानंतर मी त्या मुलाला माझे 'नाही' परत घेतले असे सांगितले, आणि चितेची गोष्ट सांगितली. त्याने मान हलवली. फार काही बोलला नाही. आठवड्याने चित्रकलेच्या वहीत त्याने तो प्रसंग काढून आणला. देवी एका कोपऱ्यात, बरीचशी आमच्या शाळेतल्या बाईंसारखी. सिंह मांजराएवढा. रेडा मात्र सगळे पान व्यापून: शिंगांची वळणे बरोबर, खांद्यावर जूं घासून पडलेला घट्टा, आणि शेपूट उगारलेले. कपाळावर लाल खडूचा टिळा.

"अरे, त्रिशूळ कुठे आहे?" मी विचारले.

"जागाच उरली न्हाई, गुरुजी."