अंतर वाढलं, गाणं आखूड झालं

मंडळी, महाळुंगे पडवळला बसून अमेरिकेतल्या रॉक बँडवर बोलायचं, याची तुम्हाला गंमत वाटेल. पण अवकाश आपल्याला परकं नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशच ऐकत असतात. आजच्या संगीतालाही ‘स्पेस रॉक’ म्हणतात.

‘अर्थलेस’ हे सॅन दिएगोचं त्रिकूट २००१ साली जमलं. गिटारवर आयझाया मिचेल, बेसवर माइक एगिंटन, ड्रम्सवर मारिओ रुबाल्काबा. तिघं एका खोलीत बसून वाजवत राहतात. त्याला ‘जॅम’ म्हणतात. त्यातलं जे टिकतं, त्याची रचना होते. २०१३ च्या ‘फ्रॉम द एजेस’चा शीर्षक-तुकडा जवळपास अर्ध्या तासाचा आहे, आणि त्यात शब्द एकही नाही.

हे मुक्त संगीत आहे, असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. गिटार बाजूला ठेवून बेस ऐका. एगिंटन तोच फेरा न कंटाळता धरून ठेवतो, म्हणून मिचेल वाटेल तिकडे जाऊ शकतो. आपल्या भजनात टाळकरी ठेका सोडत नाहीत, म्हणून पखवाजवाला मोकळा होतो. तसंच हे. एकाचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या संयमावर उभं असतं.

याचा पुरावा त्यांच्याच वाटचालीत आहे. मिचेल उत्तर कॅलिफोर्नियात राहायला गेला आणि एकत्र बसणं कमी झालं. मग २०१८ चा ‘ब्लॅक हेवन’ आला. त्यात सहापैकी चार तुकड्यांत गायन आहे, लांबीही आटोपशीर. बांधणी चोख, पण पुढचं वळण आधीच कळतं. पुढे तो सॅन दिएगोला परतला. २०२२ च्या ‘नाइट परेड ऑफ वन हंड्रेड डीमन्स’मध्ये पुन्हा शब्दांशिवाय लांबलचक वाजवणं आलं. तिथेही गिटारला कुठे थांबावं हे कधीकधी कळत नाही, हा दोष मी लपवणार नाही. तरी तिघं एकमेकांचं ऐकताहेत, हे जाणवतं.

उत्स्फूर्तता क्षणात सुचते, असं आपण समजतो. खरं तर तिच्यामागे वर्षांचा सहवास असतो. आपली पोरं पुण्या-मुंबईला गेली, भजनाला माणसं कमी झाली. चाल मोबाईलवरही शिकता येईल हो. पण शेजारचा कुठे श्वास घेतो, हे कळायला त्याच्या शेजारीच बसावं लागतं.