कोकिळेला रियाज लागत नाही

२०२३ च्या सुरुवातीला 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाने आजवरच्या २०० सर्वोत्तम गायकांची यादी प्रसिद्ध केली. पहिली अरीथा फ्रँकलिन, दुसरी व्हिटनी ह्यूस्टन. लता मंगेशकर ८४ व्या. मग आपल्याकडच्या ग्रुपांवर दोन दिवस जे व्हायचं ते झालं. निम्मी मंडळी 'दीदी यादीत आल्या' म्हणून खूश, निम्मी '८४ म्हणजे काय?' म्हणून खवळलेली. तिकडे सेलीन डिऑनचे चाहते, ती यादीतच नाही म्हणून, मासिकाच्या न्यूयॉर्कमधल्या ऑफिसबाहेर फलक घेऊन उभे राहिले.

मी असल्या याद्या आवडीने वाचते. 'पॉप संगीतावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या गायिका' असा मथळा दिसला की बोट आपोआप तिकडे जातं. नावं साधारण तीच असतात, क्रम बदलतो. क्रमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला खटकतं ते नावांखालचं वर्णन. पुरुष असेल तर तो काहीतरी 'घडवतो', 'मोडतो', 'शोधून काढतो'. बाई असेल तर तिचा आवाज 'दैवी' असतो, ती 'क्वीन' असते, 'डिव्हा' असते, आपल्याकडे 'गानकोकिळा' असते. (पक्षीनिरीक्षक सांगतील की ते कुहू-कुहू नर करतो. मादीचा आवाज अगदीच कर्कश असतो. पण ते सोडा.) कोकिळा म्हटलं की प्रश्नच मिटतो. पक्षी गातो कारण तो तसाच जन्माला आलेला असतो. त्याने ताल बदलला, ओळ तोडली, मधली जागा रिकामी ठेवली असं कुणी म्हणत नाही. कोकिळेला रियाज लागत नाही आणि कोकिळेला रॉयल्टीही द्यावी लागत नाही.

हे दुसरं वाक्य मी गमतीने लिहिलेलं नाही. त्यासाठी अरीथाचं 'रिस्पेक्ट' घेऊ.

'रिस्पेक्ट' मूळचं ओटिस रेडिंगचं. त्यानेच लिहिलं, त्यानेच १९६५ मध्ये गायलं. कमावता पुरुष घरी येतो आणि बायकोला सांगतो की मी नसताना तू काय करतेस ते कर, पण मी घरी आलो की मला मान दे. गाणं चांगलंच आहे. ओटिस घाईत, धापा टाकत गातो आणि मागे ब्रास वाजत असतात. 'रोलिंग स्टोन'ने २०२१ मध्ये ५०० सर्वोत्तम गाण्यांची यादी नव्याने केली तेव्हा 'रिस्पेक्ट' पहिलं आलं, पण अरीथाचं.

अरीथा तेव्हा २४ वर्षांची होती. डेट्रॉइटमधल्या एका नामांकित धर्मोपदेशकाची मुलगी, चर्चमध्ये गात आणि पियानो वाजवत वाढलेली. कोलंबिया कंपनीत तिची सहाएक वर्षं गेली होती आणि तिच्याकडून जॅझची आणि नाटकांतली जुनी गाणी गाऊन घेतली गेली होती. मग ती अटलांटिक कंपनीत आली आणि १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिने 'रिस्पेक्ट' ध्वनिमुद्रित केलं.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, हेडफोन लावून. शब्द बरेचसे तेच आहेत, पण बोलणारं माणूस बदललंय. आता मान मागते आहे ती बाई, आणि तिच्याकडे स्वतःचे पैसे आहेत. एवढं तर कुठल्याही लेखात सापडेल. मला त्यापेक्षा कारागिरीत रस आहे. ज्या जागेमुळे हे गाणं जगाला माहीत आहे, म्हणजे वाद्यं थांबतात आणि ती त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणते, ती जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच. मागून येणारा कोरसचा टपोरी मारा त्याच्याकडे नाही. ते काम अरीथाचं आणि तिच्या बहिणींचं, कॅरोलिन आणि अर्माचं. कोरस एके ठिकाणी 'री री री' करतो, ते अरीथाचं घरातलं लाडाचं नाव. मधला सॅक्सोफोनचा तुकडाही नवा. तिथे सूर असा भलतीकडे उडी मारतो की क्षणभर दुसरंच गाणं लागलंय असं वाटतं. पियानोवर ती स्वतः. ओटिस धावतो तिथे ती बसून राहते, ठेक्याला टेकून. तिला कुठेच जायचं नाही, घर तिचं आहे.

निर्माता म्हणून रेकॉर्डवर नाव जेरी वेक्स्लरचं. वेक्स्लर जाणता माणूस होता आणि अरीथाची किंमत त्याला कळली होती. नंतर तो सांगायचा की आपण तिला पियानोपाशी बसवलं आणि तिला जे व्हायचं ते होऊ दिलं. म्हणजे 'होऊ देणं' हे काम झालं, त्याला पद मिळालं. जी 'झाली' तिच्या कामाला मात्र रेकॉर्डच्या पाठीवर वेगळा रकानाच नव्हता.

आपल्याकडे या कामाला शब्द आहे. गायकी. ख्याल ऐकणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही की बंदिश दोन ओळींची असते आणि पुढचा पाऊण तास गाणाऱ्याचा असतो. एकच बंदिश दहा जण गातात आणि आपण दहा वेगळी गाणी ऐकून घरी येतो. किशोरी आमोणकरांना कुणी 'दुसऱ्याच्या ओळी गाणारी' म्हटलं तर सभागृहात खुर्च्या हलतील. या मापाने पाहिलं तर 'रिस्पेक्ट'ची बंदिश ओटिसची आणि गायकी अरीथाची. पॉप संगीतावर लिहिणाऱ्यांकडे हा शब्द नाही. त्यांच्याकडे 'लिहिलं कुणी' आणि 'गायलं कुणी' असे दोनच रकाने आहेत, आणि दुसऱ्यात फक्त गळा बसतो.

शब्द नसला की पैसेही नसतात. एका ध्वनिमुद्रित गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रचनेचे पैसे द्यावे लागतात, ध्वनिमुद्रणाचे नाही. आजही नाही. अरीथाचं 'रिस्पेक्ट' पन्नास वर्षं तिथल्या रेडिओवर वाजलं आणि त्याचे पैसे गेले गीतकार-प्रकाशकाकडे, म्हणजे ओटिसकडे. तो डिसेंबर १९६७ मध्येच विमान अपघातात गेला, म्हणून पुढे त्याच्या वारसांकडे. अरीथाला शून्य. डिजिटल रेडिओसाठी नियम वेगळा आहे, तिथे गाणाऱ्यालाही वाटा मिळतो. पण १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणं त्या केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहिली होती. त्यांना आत घेणारा कायदा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला. अरीथा ऑगस्ट २०१८ मध्ये वारली होती.

ओटिसच्या वारसांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना मिळालं ते हक्काचंच होतं. पण डोळ्यांसमोर ठेवा की एका माणसाने आखलेल्या घराला दुसरीने मजला चढवला, लोक त्या मजल्यासाठीच येतात आणि भाडं मात्र फक्त खालच्या नकाशाचं वसूल होतं.

डॉली पार्टनला हा नकाशा नीट वाचता येत होता. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' तिने लिहिलेलं, १९७४ मध्ये आलेलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने अट घातली की प्रकाशन हक्कातला निम्मा वाटा द्या. डॉलीने नकार दिला, रडली, पण दिला. १९९२ मध्ये व्हिटनीने तेच गाणं 'द बॉडीगार्ड'साठी गायलं आणि ते अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाणं डॉलीचंच राहिल्यामुळे पैसेही तिच्याकडे आले. मला स्वतःला डॉलीचं अधिक आवडतं, ती दार हळूच लावून घेते तसं गाते. व्हिटनी दार उघडून गल्लीला ऐकवते. भांडायचं तर भांडा. पण प्रभावाचं म्हणाल तर व्हिटनीच. सुरुवातीचा वाद्यांशिवायचा भाग, एका अक्षरावर पाच-सहा सुरांची हरकत, शेवटाकडे ड्रमचा एक ठोका आणि सूर वर चढवणं. जगभरातल्या टीव्ही स्पर्धांमधल्या मुली गेली वीस वर्षं हाच साचा गिरवताहेत. त्या व्हिटनीची गायकी शिकतात आणि परीक्षक त्यांना म्हणतात, 'काय नैसर्गिक आवाज आहे!'

आता लतादीदी. १९४९ मध्ये 'महल' आला तेव्हा 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं पाठवून खरं नाव विचारलं. साठीच्या दशकात त्यांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. रफींचं म्हणणं होतं की मेहनताना मिळाला, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. आपल्याकडे हा किस्सा दोन मोठ्या माणसांच्या अबोल्याचा म्हणून चवीने सांगितला जातो. मला तो कामगारांच्या हक्काचा किस्सा वाटतो. भारतीय कायद्याने गाणाऱ्याला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला तो २०१२ मध्ये, सुमारे पन्नास वर्षांनी.

आणि याच बाईंनी संगीत दिलं तेव्हा नाव लावलं 'आनंदघन'. 'मराठा तितुका मेळवावा', 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे जाहीर होईपर्यंत त्या खुर्चीतून उठल्या नाहीत, असं सांगतात. आपण याला विनय म्हणतो. असेलही. पण नावासाठी भांडून भांडून ते रेकॉर्डवर आणलेली बाई रचनाकार झाल्यावर तेच नाव झाकते, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. 'ऐरणीच्या देवा'ची चाल लतादीदींची, हे आजही अनेकांना सांगावं लागतं.

अमेरिका आणि मुंबई हे दोन धागे एकदा कोर्टात भेटले. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. ते ऐकलं नसेल तर आत्ता लावा. १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है' त्यात तुकड्यापुरतं नाही, जवळजवळ अख्खं गाणंभर खाली वाहत राहतं. संगीत बप्पी लाहिरींचं, आवाज लतादीदींचा. निर्माता डीजे क्विकने ते परवानगीशिवाय वापरलं होतं. खटला झाला आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशाने आदेश दिला की बप्पींचं नाव श्रेयात येईपर्यंत सीडी विकायची नाही. कायद्याच्या हिशेबात हे योग्यच, चाल त्यांची होती. पण क्विकने ती चाल एखाद्या कीबोर्डवर वाजवून घेतली असती तर ते गाणं झालं असतं का? त्या आवाजातली धार, 'श'वरचा तो हलकासा श्वास, तो अमेरिकन बीटला बरोबर उलट्या बाजूने कापतो. गाणं चाललं ते त्यावर. कोर्टापुढे तो विषयच नव्हता.

स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः बीट बनवणाऱ्या गायिकांचं तरी बरं चाललंय म्हणावं, तर ब्यर्कला विचारा. आइसलंडच्या या गायिकेने २०१५ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की 'व्हेस्परटाइन' या अल्बममधले बहुतेक बीट तिने तीन वर्षं खपून स्वतः केले, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आलेल्या पुरुष जोडीला सगळं श्रेय मिळालं. तिने सुचवलेला उपाय मजेशीर आहे, मुलींनी मिक्सिंगच्या टेबलापाशी उभं राहून स्वतःचे फोटो काढून ठेवावेत.

टेलर स्विफ्टची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमची ध्वनिमुद्रणं विकली गेली, तिने नव्याने गायलेले जुने अल्बम २०२१ पासून यायला लागले, आणि २०२५ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणं विकत घेतली. हा विजय मोठा आहे. माझी तक्रार एवढीच की त्याला 'सगळ्या गायिकांचा विजय' म्हणू नये. टेलरच्या हातात रचना होती. तिची परवानगी नसेल तर जुनं ध्वनिमुद्रण सिनेमात किंवा जाहिरातीत वापरता येत नव्हतं, म्हणून तिच्या पुन्हा गाण्याला वजन आलं. दुसऱ्याची बंदिश घेऊन तिला मजला चढवणारी जी आहे, तिच्या हातात हे हत्यार नाही. ती १९६७ मध्ये अरीथा जिथे होती तिथेच आहे.

अरीथाचा एक व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. डिसेंबर २०१५, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर, गीतकार कॅरोल किंगचा सत्कार. ७३ वर्षांची अरीथा पियानोवर बसते, कॅरोल किंगचंच गाणं गाते, ओबामा डोळे पुसतात, आणि शेवटाकडे ती उभी राहून अंगावरचा फरचा कोट खाली टाकून देते. कोटाचे रील्स झाले. मी मात्र तिच्या पर्सचा विचार करत बसते. अरीथा कार्यक्रमाचे पैसे आधी आणि रोख घ्यायची, आणि ती पर्स स्टेजवरही नजरेच्या टप्प्यात ठेवायची. यावर 'डिव्हाचे नखरे' म्हणून पुष्कळ विनोद झालेत.